चाप आणि खटका : खिशातील पिस्तुलाच्या इतिहासाची एक बाजू



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवताना सनावळीपेक्षा वस्तूंवर अधिक बोलत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. लढाईची तारीख विसरलात तरी चालेल, पण तोफ कशी भरत ते सांगा, असा त्यांचा आग्रह असे. त्याच आग्रहाचा आधार घेऊन आजचा विषय मी निवडला आहे. निमंत्रणपत्रिकेवर ‘पिस्तूल’ हा शब्द वाचून काहींच्या भुवया उंचावल्या, हे माझ्या कानावर आले आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मय सोडून हे काय आरंभले, असेही कोणी म्हणाले असेल. माझे उत्तर असे की, मी शब्दांच्या वाटेनेच या विषयाकडे आलो, आणि आलो तो थांबलो मात्र इतिहासापाशी.

मराठी भाषेने बंदुकीच्या अंगोपांगांना दिलेली नावे पाहा. पिस्तूल आणि काडतूस हे शब्द पोर्तुगिजांच्या गलबतांतून किनाऱ्याला लागले. तमंचा फारशी वाटेने आला. पण हे हत्यार हातात घेतल्यावर बोटांना जे लागते त्याची नावे घरचीच आहेत. गोळी सोडण्यासाठी जो ओढायचा तो चाप. काडतुसावर आपटतो तो घोडा. तो चढवतात आणि उतरवतात. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर सबंध पिस्तुलालाच ‘घोडा’ म्हणतात. अपघाताने गोळी सुटू नये म्हणून जी कळ असते, तिला इंग्रजीवरून आपण ‘सेफ्टी’ म्हणतो, जुने शिकारी तिला नुसता ‘खटका’ म्हणत. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. परंतु बंदुकीचा चाप मला चापणे, म्हणजे दाबणे, या मराठी क्रियापदाच्या अधिक जवळचा वाटतो. आणि येथेच भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. चाप ओढला की गोळी सुटते. पण एखाद्याला चाप लावला, म्हणजे त्याला आवरले. खटका लावला तर हत्यार शांत राहते; पण दोघांचे खटके उडू लागले, म्हणजे शांतता संपली. सोडणे आणि आवरणे ही दोन्ही कामे मराठीने त्याच दोन शब्दांवर सोपवली आहेत.

खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचा सगळा इतिहास या दोन कामांच्या ओढाताणीचा इतिहास आहे. हत्यार लपवायचे असेल तर ते भरलेले हवे, कारण ऐनवेळी भरायला सवड मिळत नाही. आणि भरलेले हत्यार अंगाशी बाळगायचे, तर ते आपल्यावरच उलटू नये अशी काही तरतूद हवी. ही तरतूद कोठे करायची, अंगठ्याखालच्या खटक्यात की तर्जनीखालच्या चापात, यावर कारागिरांची मते चार शतके बदलत आली आहेत. आपल्या इतिहासकारांनी गोळी कोणाला लागली ते काळजीपूर्वक लिहिले. ती सुटण्याआधी अंगठ्याने काय केले, याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

आरंभ सुरतेपासूनच करू. जानेवारी १६६४. शिवाजी महाराजांची छावणी शहराबाहेर पडली आहे, आणि सुभेदार इनायत खान किल्ल्यात दडून बसला आहे. त्याने तहाचे बोलणे घेऊन एक तरुण पाठवला. बोलता बोलता त्या तरुणाने लपवलेला खंजीर काढला आणि तो महाराजांवर धावून गेला. पहारेकऱ्याने तलवारीच्या एका घावात त्याचा हात तोडला. पण धावण्याचा वेग इतका होता की, तो तसाच महाराजांवर आदळला आणि दोघेही खाली पडले. महाराज मारले गेले असे वाटून छावणीत कैद्यांच्या कत्तलीचा ओरडा झाला. महाराज लगेच उठले, सर्रास कत्तल टळली. तरी काही कैद्यांना हाताला वा प्राणाला मुकावे लागलेच. हा प्रसंग इंग्रज वखारवाल्यांच्या कागदपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. मी तो येथे सांगतो तो एवढ्यासाठी की, लपवलेल्या शस्त्राचे सारे गणित त्यात आहे. म्यान ही शस्त्राची पहिली सेफ्टी होय. खंजीर म्यानातून निघायला जो निमिषभर वेळ लागला, त्यात पहारेकऱ्याचा हात तलवारीकडे गेला.

त्या काळी बंदूक मात्र लपवता येत नसे, कारण तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागे. धुमसणारी वात अंगरख्याखाली ठेवून दरबारात कोण जाणार? तिचा वास येतो, धूर दिसतो. युरोपात सोळाव्या शतकाच्या आरंभी चक्राची बंदूक निघाली. तिच्यात दातेरी चक्र स्प्रिंगच्या जोरावर फिरून खनिजाच्या तुकड्यातून ठिणगी पाडी. जळत्या वातीची गरज संपली आणि भरलेले हत्यार प्रथमच कपड्यांत लपू लागले. सत्ताधाऱ्यांना याचा अर्थ तत्काळ कळला. सम्राट पहिला मॅक्समिलियन याने १५१७-१८ च्या सुमारास अशा स्वयंचलित ठिणगीच्या बंदुकांवर बंदी घातली. बंदीने काय होते ते १५८४ साली डेल्फ्ट येथे दिसले: ऑरेंजचा विल्यम आपल्याच घरात पिस्तुलाच्या गोळीने मारला गेला. पुढे चकमकीची, मग केपाची पिस्तुले आली. त्यांची सेफ्टी म्हणजे ‘अर्धा चढवलेला घोडा’. घोडा मधल्या खाचेत अडकवून ठेवायचा. तेथून चाप ओढला तरी तो सुटू नये, अशी अपेक्षा. खाच झिजलेली असली की ही अपेक्षा फोल ठरे.

आपल्याकडे रघुनाथ पंडितांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे शिवकालात शस्त्रांची नावे हा राज्यकारभाराचा विषय होता. दोनशे वर्षांनी तो पोलिसांचा विषय झाला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रकायदा आला आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा हिंदी माणसाला गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. या भेदाने मने जितकी दुखावली तितकी थोड्या कायद्यांनी दुखावली असतील. पण आपल्या विषयापुरता त्याचा परिणाम असा की, येथून पुढे हिंदी तरुणाच्या हाती पिस्तूल आले ते चोरवाटेनेच आले. ज्याला ते चालवायला उघडपणे शिकायची सोय नाही, अशाच हातात ते पडले.

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांच्याजवळ पिस्तुलांबरोबर तलवारीही होत्या. तलवारी वागवताना अडचण होते असे पाहून त्यांनी त्या एका मोरीखाली ठेवून दिल्या. हा तपशील मला फार बोलका वाटतो. पिस्तुलावर पुरता विश्वास नाही म्हणून तलवार बरोबर घ्यावी, आणि तलवार लपत नाही म्हणून ती टाकून द्यावी. शस्त्राची निवड शौर्याने केली नाही, अंगरख्याच्या मापाने केली.

यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर १९०७ मध्ये, याच सुरत शहरात राष्ट्रसभेचे अधिवेशन मोडले. व्यासपीठाकडे आलेला तो जोडा कोणत्या बनावटीचा होता, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चवीने बोलले जाते. मी त्यात भर घालीत नाही. महत्त्वाचे हे की, जहाल आणि मवाळ यांची फारकत झाली, पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले, आणि उघड चळवळीला आवरणारा आणि वळवणारा वडीलधारा हात तरुणांवर उरला नाही. सुरतेहून सापुताऱ्याचा घाट चढला की नाशिक जिल्हा लागतो. तेथे जे घडले त्याकडे आता वळतो. पण त्याआधी त्या हत्याराची रचना समजून घेतली पाहिजे.

जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. त्याच्या आराखड्यावरून बेल्जममधील लिएजजवळच्या हर्स्टल येथील कारखान्याने काढलेले १९०० सालचे पिस्तूल हे खिशात मावणारे पहिले खऱ्या अर्थाने यशस्वी स्वयंभरित पिस्तूल म्हणता येईल. लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, वजन ६२५ ग्रॅमच्या आसपास, मुठीत सरकवायच्या पेटीत ७ काडतुसे, गोळी ७.६५ मिलिमीटरची. बाहेर घोडा नाही, त्यामुळे खिशातून काढताना काही अडकत नाही. हा मोठाच फायदा होता; परंतु त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. घोडा बाहेर असला की तो चढलेला आहे की उतरलेला हे डोळ्यांना दिसते, अंधारात अंगठ्याला कळते. तो आत गेल्यावर हत्यार जागे आहे की झोपलेले, हे ओळखायचे कसे? ब्राउनिंगने दोन उपाय केले. आतील स्प्रिंग ताणलेली नसेल तर नेम धरायच्या खाचेसमोर एक तुकडा आडवा येई आणि नेमच दिसत नसे. दुसरा उपाय म्हणजे डाव्या अंगाला, अंगठ्याच्या टप्प्यात, एक लहानसा खटका. तो एका बाजूला केला की ‘निर्धोक’ आणि दुसऱ्या बाजूला केला की ‘आग’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द तेथे कोरलेले असत.

ब्राउनिंगलाही हे एका दमात साधले नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेत कोल्ट कारखान्याने काढलेल्या त्याच्या दुसऱ्या पिस्तुलात मागची माशी, म्हणजे नेम धरायची खाचच, खाली दाबली की सेफ्टी लागे. कल्पना चतुर, पण वापरणाऱ्यांना पसंत पडली नाही, आणि ती लवकरच सोडून द्यावी लागली. १९०३ च्या कोल्टमध्ये आणि १९०६ च्या चिमुकल्या ब्राउनिंगमध्ये मुठीच्या मागच्या बाजूला एक दाबपट्टी आली. मूठ घट्ट आवळली तरच ती दबते, आणि ती दबली तरच चाप काम करतो. १९०६ चा नमुना प्रथम निघाला तो अंगठ्याच्या खटक्यावाचून. पण थोड्याच वर्षांत तोही बसवावा लागला. १९१० च्या नमुन्यात तर खटका, मुठीची पट्टी आणि गोळ्यांची पेटी काढली असता चाप अडवणारी योजना, अशा तीन सेफ्ट्या एकत्र आल्या. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर ज्या पिस्तुलातून गोळी सुटली ते याच नमुन्याचे होते. तिन्ही सेफ्ट्या आपापले काम चोख करीत असतील. त्यांचे काम अपघात टाळण्याचे होते, हेतू टाळण्याचे नव्हते.

आता चापाकडे. ज्यांनी कधी पिस्तूल हाती धरले नाही (आणि या सभागृहात तेच बहुसंख्य असावेत, अशी माझी आशा आहे), त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. चाप ओढताना बोटाला तीन अवस्था जाणवतात. आधी तो थोडासा सैल सरकतो. मग अडतो. मग जोर वाढवत नेला की कोणत्या तरी क्षणी आतील दात निसटतो आणि एकदम सुटका होते. चांगल्या चापात ही सुटका काडी मोडावी तशी स्वच्छ होते. वाईट चापात ती खरखरत, अडखळत होते. लांब बंदुकीत हा भेद खांदा सांभाळून घेतो. खिशातील पिस्तुलात सांभाळणारे काही नसते. पाऊणशे तोळे भरणार नाही असे हत्यार, आणि चाप ओढायला लागणारा जोर दोन-तीन किलोचा, म्हणजे हत्याराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट. बोटाच्या जोरानेच नळी बाजूला वळते. नळी आखूड असल्याने तेवढी चूकही पुरते. म्हणून अशा पिस्तुलाने नेमबाजी करणे फार अवघड असते, आणि ते हाती धरणाऱ्याला लक्ष्याच्या अगदी जवळ जावे लागते. इतके जवळ की समोरच्याचा चेहरा दिसावा.

१९०९ च्या फेब्रुवारीत विनायकराव सावरकरांनी पॅरिसहून २० ब्राउनिंग पिस्तुले मिळवली. लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीला दुहेरी तळ करून, त्यात पिस्तुले आणि काडतुसे दडवून, ती मुंबईला धाडण्यात आली. तो पोहोचण्यापूर्वीच, २ मार्चला, बाबाराव सावरकरांना अटक झाली होती. ९ जूनला त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या, त्या कोल्टच्या स्वयंभरित पिस्तुलाने. धिंग्रांनी लंडनमध्ये पैसे भरून नेमबाजीचा सराव केला होता. तेथे तसा सराव उघड चाले. जे लंडनच्या रस्त्यावर शक्य होते, ते नाशिकच्या तरुणाला आपल्या गावात शक्य नव्हते.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचे विजयानंद नाट्यगृह. जिल्हाधिकारी जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपादाखल देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरला होता. बाबारावांना खटल्यासाठी वरच्या न्यायालयाकडे पाठवणारे अधिकारी हेच. दुसरीकडे हे गृहस्थ संस्कृताचे जाणकार, येथील लोककथा आणि लोकाचार यांवर टिपणे करणारे अभ्यासक होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही दुसरी ओळ बहुधा गाळलेली असते. इंग्रजांच्या लेखनात पहिली ओळ दबक्या आवाजात येते. अनंत कान्हेरे हा औरंगाबादला चित्रकला शिकणारा, अठराच्या आतबाहेरचा मुलगा. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हेही शस्त्रे घेऊन नाट्यगृहात होते. जॅक्सन आत येताच कान्हेरेने पुढे होऊन चार गोळ्या झाडल्या. त्याला जागच्या जागी धरले गेले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघांनाही फाशी झाली. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला, आणि त्या पेटीतील पिस्तुलांचा धागा थेट लंडनपर्यंत गेला. १३ मार्च १९१० रोजी सावरकर पकडले गेले. ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन यांच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल त्यांना दुसरी जन्मठेप सुनावण्यात आली. तिचा पाया ती पिस्तुले होती.

मी या प्रसंगाकडे पाहतो तेव्हा माझी नजर त्या खिशावर थांबते. भरलेले ब्राउनिंग खिशात ठेवून गर्दीतून जाणारा माणूस खटका लावूनच जातो. न लावील तर पहिला धोका त्यालाच. पण मग खिशातून पिस्तूल काढताना अंगठ्याने तो उतरवावा लागतो. ही क्रिया चाप ओढण्याहून वेगळी आहे. चाप आवेगातही ओढला जातो. खटका उतरवणे ही त्याआधीची, लहानशी, स्वतंत्र कृती. तिला ताकद लागत नाही, फक्त निश्चय लागतो. दंडसंहितेत ज्याला पूर्वनियोजन म्हणतात त्याची शेवटची पायरी अंगठ्याच्या पेराएवढी असते. कान्हेरेच्या मनात त्या पायरीवर काय चालले होते, ते कोणत्याही कागदात नाही. तो ढळला नाही, एवढे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या निश्चयाला मी नमस्कार करतो आणि जॅक्सनच्या टिपणवह्याही मला आठवतात. दोन्ही गोष्टी एकाच मनात बाळगता येत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी इतिहास वाचला नाही तर बरे.

पुढील वीस वर्षांत हीच ७.६५ मिलिमीटरची गोळी, जिला इंग्रजी मापाने आपण ‘बत्तीस बोअर’ म्हणतो, हिंदुस्थानभर फिरली. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या शिवराम हरि राजगुरूंनी. पाठोपाठ भगतसिंगांनी झाडल्या. भगतसिंगांचे बत्तीस बोअरचे कोल्ट पुढे अनेक वर्षे सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील संग्रहात पडून होते. त्यावर काळा रंग चढला होता. रंग खरवडून क्रमांक पडताळला तेव्हा ते कोणाचे हे उलगडले आणि २०१७ साली ते हुसैनीवालाला नेण्यात आले. चंद्रशेखर आझादांचे कोल्ट प्रयागच्या संग्रहालयात आहे. तेथे जाणारे लोक त्या पिस्तुलाला हात जोडतात. अंगठ्याचा खटका कोणत्या बाजूला आहे, ते कोणी वाकून पाहत असेल असे वाटत नाही.

आणि आता ज्या प्रसंगाविषयी मराठी माणसाने गुजरातच्या भूमीवर बोलताना आवाज न चोरता बोलले पाहिजे, त्याविषयी. २० जानेवारी १९४८ चा पहिला कट फसला. त्या दिवशी दिल्लीत कटवाल्यांनी आपली रिव्हॉल्व्हरे झाडाझुडपांत तपासून पाहिली तेव्हा एक नीट चालेना आणि दुसऱ्याची गोळी लक्ष्यापर्यंत पोहोचेना, असे साक्षीत आले आहे. म्हणून नथुराम गोडसे दुसऱ्या हत्याराच्या शोधात ग्वाल्हेरला गेला आणि तेथे अवघ्या दोन दिवस आधी त्याच्या हाती इटलीच्या बेरेटा कारखान्याचे १९३४ च्या नमुन्याचे पिस्तूल आले. क्रमांक ६०६८२४. या पिस्तुलाचा खटका वेगळा आहे. तो केवळ चाप अडवतो, घोड्याला हात लावीत नाही. आणि तो उतरवायचा तर नुसता ढकलून भागत नाही, पूर्ण अर्धे वर्तुळ फिरवावा लागतो. त्या काळच्या जाणकारांनीही ही रचना गैरसोयीची ठरवली होती. घाईत, एका हाताने, खिशाच्या आत तो फिरवणे सोपे नाही. म्हणजे येथे अंगठ्याची ती कृती नाशिकच्या पिस्तुलापेक्षाही लांब, अधिक सावकाश होती. प्रार्थनेच्या वाटेवर, ७८ वर्षांच्या निःशस्त्र वृद्धासमोर, ते अर्धे वर्तुळ पुरे झालेले होते. ३० जानेवारीची ती संध्याकाळ. सावरकरांच्या दुसऱ्या जन्मठेपेचीही तारीख तीच. पण अशा योगायोगांतून अर्थ काढण्याचा छंद मला नाही.

१९०९ आणि १९४८ एका मापाने मोजावेत असे मी म्हणत नाही. परसत्तेचा अधिकारी आणि राष्ट्राचा पिता यांत जे अंतर आहे, ते पिस्तुलाच्या बनावटीवरून ठरत नाही. मात्र पहिल्या प्रसंगाचा तपशील चवीने सांगायचा आणि दुसऱ्याचा तपशील आला की ‘जाऊ द्या’ म्हणायचे, ही आपल्याकडील सवय मला मान्य नाही. वस्तू दोन्हीकडे सारख्याच बारकाईने पाहिली पाहिजे.

कारागिरांचा वाद तिकडे पुढे चालूच राहिला. १९२९ साली जर्मनीच्या वॉल्थर कारखान्याने असे पिस्तूल काढले की, गोळी नळीत असताना घोडा सुखरूप उतरवून ठेवता येई. पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, पुढच्या गोळ्यांना हलका. म्हणजे आवर घालण्याचे काम अंगठ्याकडून तर्जनीकडे आले. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉकचे पिस्तूल स्वीकारले आणि अंगठ्याचा खटकाच नाहीसा झाला. चापाच्या मध्यावर एक चिमुकली पाती बसवली. बोट नीट चापावर आले की ती दबते आणि मगच चाप हलतो. आत पडण्या-आपटण्यापासूनची सुरक्षा वेगळी. टीकाकारांनी विचारले की, चापावर पडलेले बोट चुकून पडले की मुद्दाम, हे त्या पातीला कसे कळावे? न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ही पिस्तुले घेतली तेव्हा चाप मुद्दाम जड, सुमारे साडेपाच किलोचा करवून घेतला. अपघात टळावेत हा हेतू. पण चाप जड झाला की नेम ढळतो आणि गोळी भलत्याच माणसाला लागू शकते. आजही अंगाशी वागवायच्या लहान पिस्तुलांचे तेच नमुने खटक्यासह आणि खटक्यावाचून असे दोन्ही प्रकारे विकले जातात. एक पक्ष म्हणतो, घाईत खटका उतरवायचे विसरले की जीव जातो. दुसरा म्हणतो, खटका नसला की खिशातली किल्ली किंवा कपड्याची चुणी चापात अडकून जीव जातो. दोघांच्याही म्हणण्याला अनुभवाचा आधार आहे. मला विचाराल तर अंगठ्याला काम असलेले बरे. मात्र ज्याने ते काम हजार वेळा रिकाम्या पिस्तुलावर गिरवले नाही, त्याने कोणतेच पिस्तूल बाळगू नये.

आपल्या देशात हा प्रश्न १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या चौकटीत येतो. सैन्य आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत. म्हणून सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी जे स्वयंभरित पिस्तूल काढले ते बत्तीस बोअरचे. १९०० सालच्या हर्स्टलच्या पिस्तुलात जे काडतूस बसे, तेच यातही बसते. महिधरपुऱ्याच्या गल्लीत हिऱ्यांच्या पुड्या खिशात घालून पायी हिंडणारा व्यापारी आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यांतल्या एखाद्याने परवाना काढून कमरेला पिस्तूल लावले, तर त्याच्या अंगाशी जे असते ते मापाने नाशिकच्या त्या हत्याराचे भावंड असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि लग्नाच्या वरातीत आनंदाच्या भरात गोळ्या उडवणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. वरातीत घोड्यावर नवरदेव आणि हातात ‘घोडा’ घेतलेला मामा, हे दृश्य उत्तरेकडे अनेकांच्या प्राणाशी आले आहे.

त्याहून महत्त्वाची वाटते ती २०१६ च्या शस्त्र नियमांतील एक अट. परवाना मागणाऱ्याने आता शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. १८७८ पासून तोवर आपल्याकडचा कायदा शस्त्र कोणाच्या हाती जाते एवढेच पाहत आला होता. तो हात शस्त्र कसे धरतो, हे त्याने प्रथमच विचारले. या प्रशिक्षणात पहिला धडा असतो तो असा: पिस्तूल हातात घेताच, ते रिकामे असल्याची कोणी शंभर वेळा ग्वाही दिली असली तरी, नळी मोकळ्या दिशेला वळवायची, खटका लावायचा, गोळ्यांची पेटी काढायची, पन्हळ मागे ओढून नळीच्या मागील घरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, आणि हे सर्व होईतो तर्जनी चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवायची.